एकशे अडुसष्ट अंशांचा त्रिकोण

तुमच्या घरातल्या कंपासपेटीतला कोनमापक तुम्ही कधी तपासून पाहिला आहे का?

मुलाचा गृहपाठ तुम्ही तपासता. प्रगतिपुस्तकावर सही करण्याआधी मार्कांवरून दोनदा नजर फिरवता. परीक्षेच्या दिवसांत पोरगं खरंच वाचतंय की पुस्तकात तोंड घालून बसलंय, हे दाराआडून बघता. मुलांवर एवढा संशय घेणारी आपण माणसं. मी विचारते आहे ते त्यांच्या हातात आपण जे देतो त्याबद्दल.

फाल्गुन लागला की मला हा प्रश्न पडतो. औरंगाबादेत या दिवसांत कडुनिंबाची पानं पिवळी होऊन गळतात, दुपारचा वारा ती गोळा करून शाळांच्या व्हरांड्यात नेऊन टाकतो आणि पोरं पुठ्ठ्याचं पॅड काखेत मारून हिंडायला लागतात. यंदा हा प्रश्न आपल्या पायांनी घरी आला. द्वारकेची माय कन्नडहून सकाळच्या एसटीने उतरली आणि पिशवीतल्या शेंगा माझ्यापुढे ओतत म्हणाली,

"द्वारकी बाहेरून बसलीय धाव्वीला. तुमाला सांगितलंय, कोनमापक धाडा म्हनून."

"आजच आणते."

"दुकानातला आना. प्लास्टिकचा." तिने पदर तोंडाला लावला. हसू लपत नव्हतं. "राग नका मानू ताई, पन तुमच्या हातचा नको म्हनली."

मी राग मानला नाही. पाच वर्षांपूर्वी द्वारकेच्या हातात मी माझ्या हातचा कोनमापक दिला होता आणि त्यापायी तिची शाळा सुटली. हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी कुणाकडे बोट दाखवलं, तर तुम्ही माझ्याकडेही बघाल.

त्या फाल्गुनात शहरात कुणाचा कुणावर विश्वास नव्हता. विद्यापीठाच्या वाटेवरच्या भिंती दोन्ही बाजूंच्या घोषणांनी भरलेल्या. नामांतर झालंच पाहिजे, हे एका भिंतीवर. होऊ देणार नाही, हे समोरच्या भिंतीवर. नगरपालिकेची माणसं दोन्हींवर चुना फासून जायची आणि चुन्याखालून दोन्ही पुन्हा वर यायच्या. चौकात पोलिसांची गाडी उभी. शहराच्या दुसऱ्या टोकाला, चिकलठाण्याकडे, दर महिन्याला एखादं नवं शेड उभं राहत होतं, भोंगे वाढत होते, नवा रंग आणि तेलाचा वास वाऱ्याबरोबर वस्तीपर्यंत यायचा. कामाला माणसं लागत होती. पण कंपनीच्या फाटकावरचा वॉचमन आधी विचारायचा, "पूर्ण नाव?" भाड्याची खोली दाखवणारा विचारायचा, "पूर्ण नाव?" कॉलेजात शेजारी येऊन बसलेली मुलगी गोड हसून तेच विचारायची. आडनाव सांगितलं की समोरचा किंचित थांबायचा. त्या थांबण्यावरून पुढचं उत्तर मला आधीच कळायचं. कधी चुकायचंही. पण चुकलेलं कोण लक्षात ठेवतो?

माझं वाचन पत्रकांवर झालं. आबा, माझे वडील, छापखान्यात खिळे जुळवायचे. बिघडलेले, शाई फिस्कटलेले कागद ते घरी आणत. आमच्या फळीवर पत्रकं अंथरलेली असत, वह्यांना पत्रकांची कव्हरं, भाकरीच्या टोपल्यात तळाला पत्रक. मी वाचलेला पहिला शब्द 'जाहीर' होता आणि दुसरा 'निषेध'. एकोणिसाव्या वर्षी मी स्वतः पत्रकं लिहीत होते आणि आबा ती जुळवत होते. संध्याकाळी वस्तीतल्या समाजमंदिरात मी शाळेच्या पोरांचा वर्ग घ्यायचे. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी. चारचा भोंगा झाला की कंपन्यांच्या बसगाड्या धूळ उडवत जायच्या आणि ती धूळ खाली बसेपर्यंत पोरं जमायची.

सातवीची पाच जणं होती. त्यांना कोन मोजायला शिकवायचं होतं आणि अख्ख्या वर्गात कोनमापक एकच. माझाच, जुन्या कंपासपेटीतला, पिवळट पडलेला. मी ठरवलं, आपणच करायचे. आपली पत्रकं आपण छापतो, तर आपले कोनमापक आपण का करू नयेत? आबांनी आणलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठी होत्या. कंपनीतून भंगारात आलेल्या खोक्यांचा पुठ्ठा होता. मी कणकेची खळ शिजवली, पुठ्ठ्यावर कागद चिकटवले, वाळल्यावर त्यांवर माझा कोनमापक ठेवून भोवती पेन्सिल फिरवली. वरच्या कमानीवर दर दहा अंशांना लांब रेघ, मधे बारीक रेघा. शून्य आणि एकशे ऐंशी तर कडेलाच असणार, म्हणून त्या दोन खुणा केल्याच नाहीत. सपाट कडेच्या मध्यावर छोटी खाच मारली. आणि कात्रीने कापून पाच कोनमापक पोरांच्या हातात दिले.

तपासलेही. वहीचा कोपरा घेतला, कड लावली, खाच टोकावर ठेवली. नव्वद. बरोबर नव्वद. मला आनंद झाला, आणि त्या आनंदात मी दुसरा कुठलाच कोन मोजून पाहिला नाही.

खळ लागल्यावर पातळ कागदातून पत्रकाची उलटी अक्षरं दिसायची. द्वारकेच्या मायने तो कोनमापक उजेडाला धरून पाहिला होता.

"ह्याच्यात काय लिवलंय?"

"काही नाही मावशी, जुना कागद आहे."

"आमाला कुनाच्या भानगडीत नका घालू. गावाकडं बाजाराला जावं लागतं आमाला."

ही माणसं कन्नडकडची, मेंढपाळ. मेंढरं विकून शहरात आलेली. बाप कंपन्यांच्या बांधकामावर. वस्तीच्या कडेला खोपटं घालून राहिलेली. खरं सांगते, ही पोरगी पहिल्या दिवशी वर्गाच्या दारात उभी राहिली तेव्हा मला वाटलं होतं, ही इथे कशाला? गावोगाव आमच्या लोकांची घरं जळाली होती, त्याला फार दिवस झाले नव्हते. मी तिच्या मायला सरळ विचारलं होतं, तेव्हा तुम्ही कुठे होतात?

"मेंढरं घिऊन रानात हुतो, ताई. धूर दिसला. कुनाचा, ते मागून कळलं."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले होते. खरं की खोटं, मला तेव्हा कळलं नाही. आताही, तिने आणलेल्या शेंगा फोडताना, मी खात्रीने सांगू शकत नाही. पोरीला मात्र आत घेतलं.

कोन शिकवण्याचे ते दिवस अजून कानात आहेत. "सपाट कड रेघेवर, खाच टोकावर, दुसरी रेघ कमानीला कुठं शिवते ते वाचा." हे मी रोज म्हणायचे आणि पोरं तालात म्हणायची. दार उघडून लघुकोन दाखवला, आणखी लोटून विशालकोन. पोरं रस्त्यावर सगळीकडे कोन बघायला लागली. बस वळते तो कोन, हातगाडीच्या दांड्यांचा कोन.

"ताई, पोलिसाच्या काठीचा कोन कंचा?" एकाने विचारलं.

"वर असली की विशालकोन," दुसरा म्हणाला, "खाली आल्यावर मोजायला कोन थांबतंय?"

सगळे हसले. मीही हसले, आणि मग दाराकडे पाहिलं.

द्वारका हसण्यात फार नसायची. ती बोटाला थुंकी लावून पेन्सिलीचं टोक पुसायची, मान वाकडी करून एक डोळा मिटायची आणि मोजायची. एकदा म्हणाली, एडक्याच्या शिंगांचा कोन मोजता येईल का? मी म्हटलं, मोज की. तर थोडा विचार करून म्हणाली, "नाय येनार. शिंगं वाकडी असत्यात. रेघा सरळ लागत्यात." तिच्या अशा बोलण्याने मला कधी कधी तिची भीती वाटायची.

एका संध्याकाळी मी फळ्यावर नियम लिहिला होता. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज एकशे ऐंशी अंश. पोरांनी वहीत तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण काढला. द्वारका उठून माझ्याकडे आली.

"ताई, बेरीज भरत नाय."

"किती येते?"

"एकशे अडुसष्ट."

"जगातला कुठलाही त्रिकोण घे, एकशे ऐंशीच भरते."

"ह्याची नाय भरत."

"हात हलतोय तुझा. परत मोज."

तिने परत मोजलं. छप्पन्न, छप्पन्न, छप्पन्न. मी म्हटलं, डोळा सरळ वरून लाव, घाई करतेस. तिने तिसऱ्यांदा मोजलं. पोरं खिदळायला लागली. मी तिला जागेवर बसवलं आणि पुढचा नियम लिहायला वळले.

तिच्या मायने एव्हाना मला घरातला निर्णय सांगितला होता. शाळेतून चार जणांची नावं शिष्यवृत्तीच्या परीक्षेला जाणार होती. द्वारकेचा नंबर वर्गात दुसरा होता. "हिचा बाप म्हनतो, परीक्षेला नाव गेलं तर शिकू दे. नाय तर चैतात आत्याकडं कन्नडला. मेंढरामागं. तिथून मग लगीन." माय हे हवापाण्यासारखं सांगत होती. द्वारका शेजारी बसून पेन्सिलीला टोक करत होती. तिने मान वर केली नाही, पण टोक करायचं थांबवलं.

गणिताला पाठक सर होते. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. सायकलवर यायचे, पॅंटला क्लिपा. आवाज कधी चढायचा नाही. नावं ठरवण्याआधी त्यांनी भूमितीची चाचणी घेतली. सायक्लोस्टाइल केलेल्या कागदावर त्रिकोण होते, ते मोजून कोन लिहायचे. दोन दिवसांनी माझी पाचही पोरं माना खाली घालून वर्गात आली. पाच कागद. पाचांवर लाल शाईत आडवा एकच शब्द: नक्कल.

चौघांनी साठच्या जागी छप्पन्न लिहिलं होतं, एकाने पंचावन्न. तीसच्या जागी तेवीस. काटकोन मात्र पाचांचाही बरोबर. मी ते आकडे नीट पाहिलेच नाहीत. मी तो शब्द पाहिला आणि पोरांची आडनावं पाहिली.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. सरांनी मला खुर्ची दिली.

"पाच मुलं, एकच चूक," ते म्हणाले. "एकाने चूक केली, चौघांनी उतरवली. यात समजायला अवघड काय आहे?"

"पाचही आमच्या वस्तीतल्या वर्गाची आहेत. हे समजायलाही अवघड नाही."

"ते तुम्ही म्हणताय. मी मुलांची जात बघत नाही, उत्तर बघतो."

जात हा शब्द मी उच्चारला नव्हता. त्यांनी उच्चारला. बाहेर पडताना मी तेवढंच घेऊन निघाले, आणि तेवढ्यावर पत्रक लिहिलं. मथळा होता, 'लाल शाईचा न्याय'. सरांचं नाव घातलं, शाळेचं घातलं. एका बैठकीत लिहिलं, एकही शब्द खोडला नाही. आबांनी ते खिळ्यांत जुळवलं आणि ओल्या कागदावर प्रूफ काढून माझ्यापुढे धरलं.

"वाच."

"वाचायचं काय त्यात? प्रत्येक शब्द खरा आहे."

"खरा असू दे. प्रूफ वाचल्याशिवाय छापायचं नसतं, पोरी."

मी वरवर नजर फिरवली. एक वेलांटी दुरुस्त केली. सोमवारी सकाळी शाळेच्या फाटकाशी उभी राहून मी पत्रकं वाटली आणि दुपारपर्यंत गड्डी संपली. पाठक सर सायकलवरून उतरले तेव्हा मी त्यांच्याही हातात एक दिलं. त्यांनी ते घडी करून खिशात ठेवलं, लाल पेनाच्या मागे. द्वारका फाटकाच्या आतून बघत होती. मला वाटलं, तिला अभिमान वाटत असेल.

त्याच दुपारी दाजी आले. माझ्या बहिणीचे यजमान, चिकलठाण्याला एका कारखान्यात फिटर. त्यांची आठवड्याची सुट्टी होती. समाजमंदिराच्या दाराची बिजागरी बसवायला हत्यारांची पेटी घेऊन आले होते. काम झाल्यावर फरशीवर पडलेला पुठ्ठ्याचा कोनमापक त्यांनी सहज उचलला, उलटा केला, सुलटा केला.

"हे कुणी केलं?"

"मी."

"आन् झिरो कुठंय ह्याचा?"

"झिरो कडेलाच असतो ना."

"कुणी सांगितलं?"

त्यांनी माझा पिवळा प्लास्टिकचा कोनमापक मागितला, पुठ्ठ्यावर ठेवला आणि अंगठ्याच्या नखाने एक रेघ दाखवली. केसासारखी बारीक रेघ. ती कडेवर नव्हती, कडेच्या वर होती. पेटीतली पट्टी लावून त्यांनी मोजलं.

"सहा मिलीमीटर. ही तुझी झिरो लाईन. खालची पट्टी नुसती धरायला दिलेली असती. तू ती पट्टीसकट कापलीस आन् पोरांना कडंवरून मोजाय लावलंस. मधला नव्वद तेवढा बरोबर येणार. बाकी बारके कोन कमी, मोठे कोन जास्त." आणि माझ्याकडे बघून हसले. "मास्तरीणबाई, अख्खा लॉट रिजेक्ट."

मी हसले नाही. त्यांना वाटलं मला राग आला, म्हणून समजावायला लागले. "आमच्याकडं हे रोजचंय. पीस येगयेगळे चुकले तर माणूस बघायचा. सगळे एकसारखे चुकले, की माणसाला नाय धरत. आधी गेज बघायचं, मापाचं हत्यार."

मी पाचही पुठ्ठे गोळा केले. पाच पोरं, एकच चूक. पाठक सरांनी त्यात नक्कल पाहिली, मी त्यात जात पाहिली. पुठ्ठा कुणीच पाहिला नाही. एक द्वारका सोडून. ती मला तीनदा सांगत होती, आणि मी तिच्या हातावर, डोळ्यावर, घाईवर संशय घेतला होता. लाल पेन माझ्या हातात नव्हतं, एवढाच माझ्यात आणि सरांच्यात फरक होता का?

मंगळवारी सकाळी शाळेत गेले. सरांच्या टेबलावर दोन्ही कोनमापक ठेवले आणि झालं ते सांगितलं. माझं पत्रक त्यांच्या टेबलाच्या काचेखाली दिसत होतं. सरांनी चष्मा पुसला, कोऱ्या कागदावर त्रिकोण काढला, आधी प्लास्टिकने मोजला, मग पुठ्ठ्याने. साठ. छप्पन्न. तिन्ही कोन मोजून झाल्यावर मान वर केली.

"म्हणजे मूळ चूक तुमची."

"माझीच. पण नक्कल हा शब्द तुमचा."

त्यांनी कपाटातून कागद काढले. द्वारकेचा कागद वर आला. खाली, लाल फराट्याच्या पलीकडे, पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'तिन्ही कोन परत मोजले. बेरीज १६८ येते. नियमात १८० आहे. पण मोजून एवढीच येते.'

आम्ही दोघांनी ते एकदमच वाचलं.

"नक्कल करणारी पोरगी बेरीज एकशे ऐंशी करून ठेवते, सर."

"हे मी वाचलं नव्हतं," ते म्हणाले. मग कागद खाली ठेवत, "वाचलं असतं तरी उद्धटपणा वाटला असता."

"पहिल्या बाकावरच्यांनी साठ, साठ, साठ लिहिलं असेल. तेही एकसारखंच. त्यांनी खरंच मोजलं का, हे तुम्ही बघितलंत?"

त्यांनी सगळे कागद एकत्र लावले. कागद घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. मी व्हरांड्यात उभी राहिले. वारा निंबाची पानं फरशीवरून ओढत होता. आतून आवाज येत नव्हता, म्हणून मी आणखी कान दिला. ते बाहेर आले तेव्हा कागद त्यांच्याच हातात होते.

"ते म्हणतात, काल पत्रक वाटलं आणि आज नाव घातलं, तर शाळा पत्रकाला घाबरली असं होईल. यादी आजच जाते आहे."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हणालो, चूक उपकरणाची होती."

"उपकरण कुणी केलं, तेही सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं."

आत नेमकं काय बोलणं झालं, ते मला आजपर्यंत माहीत नाही. ते भांडले असतील. किंवा माझं नाव सांगून मोकळे झाले असतील. दोन्ही माणसं मी त्यांच्यात पाहिली आहेत. एवढं मात्र नक्की, की सोमवारी मी फाटकावर उभी राहिले नसते, तर मंगळवारी द्वारकेचं नाव यादीत गेलं असतं. एक दिवस. दाजींची सुट्टी रविवारी असती तरी चाललं असतं.

मी दुसरं पत्रक काढलं. 'कोनमापक चुकीचा होता. तो मी केला होता.' आमच्या चळवळीतल्या काहींना ते पटलं नाही. "आपली चूक आपणच छापायची? उद्या तेच आपल्यावर फेकतील." फेकलंही. शाळेच्या स्टाफरूममध्ये ते पत्रक कुणीतरी टाचणीने लावलं होतं, म्हणे, शेवटच्या दोन ओळी दुमडून. त्या दोन ओळींत मी विचारलं होतं की पाच पोरांची एकसारखी चूक पाहिल्यावर तुम्हाला सगळ्यात आधी नक्कल का आठवली? तो प्रश्न मी मागे घेतलेला नाही. माझा पुठ्ठा वाकडा होता म्हणून त्यांची नजर सरळ ठरत नाही. ते पत्रक आबांनी जुळवलं आणि या खेपेला मी प्रूफ तीनदा वाचलं.

आठवड्याने पाठक सर समाजमंदिराच्या दाराशी सायकल लावून उभे राहिले. कॅरिअरला फळ्यावर वापरायचा मोठा लाकडी कोनमापक बांधलेला. "शाळेत दोन आहेत," म्हणाले. "एक इथे राहू दे." त्यांनी फळ्यावर शून्याची रेघ कशी लावायची ते दाखवलं. चांगलं शिकवलं. एका पोराने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"आत्ताच पिऊन आलो," ते म्हणाले.

खरंच पिऊन आले असतील. पण फाल्गुनाच्या उन्हात सायकल मारत आलेला माणूस तो. कपाळावरून घाम निथळत होता. मी तांब्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांनी माझं पाहणं पाहिलं. तो कोनमापक अजून आमच्या फळ्याशेजारी टांगलेला आहे. आम्ही तो रोज वापरतो. तांब्याचं मी विसरलेली नाही.

चैत्रात द्वारका गेली. मध्यवर्ती स्टॅंडवर मी पोचवायला गेले होते. कन्नडची गाडी लागली, मायने बोचकं आत टाकलं. द्वारकेने दप्तरातून पुठ्ठ्याचा कोनमापक काढून माझ्या हातात दिला. कडा झिजल्या होत्या, खाचेपाशी पेन्सिलीचा काळा डाग पडला होता.

"ह्यो तुमच्याकडंच ठिवा, ताई."

मी काहीतरी बोलायला गेले. क्षमा हा शब्द मी पत्रकात छापू शकले होते, तिच्यापुढे मात्र तो तोंडातून येईना.

"मी म्हनलं हुतं ना," ती म्हणाली, आणि गाडीत चढली.

विद्यापीठाचं नाव अजून तेच आहे. भिंतींवर चुन्याचे थर वाढलेत. वाळूजकडे नवे कारखाने आलेत, गंगापूरकडून जीपगाड्या भरभरून पोरं कामाला येतात आणि फाटकावर त्यांना पूर्ण नाव विचारलं जातं. मी अजून पत्रकं लिहिते. लिहून झालं की आधी मला स्वतःचाच संशय येतो, मग दुसऱ्यांचा. राग त्याने कमी होत नाही. पण हल्ली मी आधी शून्याची रेघ शोधते.

परवा द्वारकेच्या मायला बरोबर घेऊन गुलमंडीवरच्या दुकानात गेले. दुकानदाराकडून एक रेघ मारलेला कागद मागून घेतला आणि एकेक कोनमापक त्याच्यावर ठेवून बघायला लागले. तिसरा, चौथा, पाचवा.

"क्या बाई, सोना ले रहे क्या?" दुकानदार म्हणाला.

"त्याहून महाग आहे," मी म्हटलं. एका कोनमापकाची छापलेली रेघ खरंच तिरकी होती. तो मी बाजूला काढून त्याला दाखवला. त्याने डोळ्याजवळ नेऊन पाहिला आणि गल्ल्यामागे टाकला. सगळ्यात सरळ होता तो मी घेतला. माय सगळं बघत होती. पिशवीत ठेवताना म्हणाली, "ती परत मोजनार बघा. तुमी तपासला म्हनून सोडनार नाय."

मोजू दे. तिने मोजावंच.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. आज संध्याकाळी मुलाची कंपासपेटी मागून घ्या. शून्याची रेघ कुठे आहे ते आधी शोधा, ती रेघेवर लावा, कड नव्हे. तिन्ही बाजू सारख्या असलेला एक त्रिकोण काढा आणि तिन्ही कोन स्वतः मोजा. आणि तुमच्या हातात लाल पेन असेल, तर ते टेकवण्याआधी कागदाच्या तळाशी पेन्सिलीने काही लिहिलंय का ते वाचा. एखादी मुलगी उठून सांगायला आली की बेरीज भरत नाही, तर तिला परत मोजायला लावू नका. तिच्या हातातली वस्तू मागून घ्या आणि एकदा तुम्ही मोजा.